आणखी एक हात मेणाचा

कवळीवाले स्वभावाने वाईट नव्हते. त्यांना हवा होता तितका गुळगुळीतपणा या जगाने त्यांना कधी दाखवला नव्हता, इतकेच. दंतवैद्य लोकांच्या हिरड्यांचे साचे पाठवीत, हे घराच्या मागच्या खोलीत बसून त्यांवर कवळ्या घडवीत, आणि ज्याच्या तोंडात ती कवळी जायची त्याला यांचे नावही ठाऊक नसायचे. कवळी मापात बसली तर डॉक्टरांच्या हाताला यश. टोचली तर कारागिराने घोळ घातला. हा न्याय उभ्या हयातीत एकदाही उलटा झाला नाही. तेव्हा त्यांनी तक्रार करणे हा जोडधंदा म्हणून पत्करला होता, आणि खरे सांगायचे तर मूळ धंद्यापेक्षा त्यात त्यांचा हात अधिक बसला होता.

तक्रारींच्या बुडाशी एक सिद्धान्त होता. खडबडीतपणा हे सर्व दुःखांचे मूळ. जिथे खरबरीत तिथे मळ, जिथे मळ तिथे दुर्गंधी, आणि जिथे दुर्गंधी तिथे शेवटी डॉक्टरांचा फोन. म्हणून कवळी हातावेगळी करण्याआधी ते ती फिरत्या चाकावर ओल्या भुकटीने इतकी घासत की जिभेला पकडायला एक कण सापडू नये. फळीवर प्लास्टरच्या जबड्यांची रांग मांडलेली असे. बायको त्या फळीवरची धूळ कधी पुसत नसे. एकजात सगळे आपल्याला हसतात, असे तिचे म्हणणे होते.

या बायकोपायी होडी घरात आली. तिची थोरली बहीण, म्हणजे कवळीवाल्यांची अकडसासू, तलावाच्या पलीकडच्या काठावर राहत असे. आभाळ स्वच्छ असले की तिच्या घराचे छप्पर अलीकडून दिसे. पण रस्ता तलावाला वळसा घालून डोंगरातून जाई, आणि बायकोला लहानपणापासून गाडी लागत असे. दुसऱ्या वळणापर्यंत ती कशीबशी तग धरी; तिसऱ्या वळणावर वाहकाला घंटी मारावी लागे. पूर्वी थोरलीच इकडे येऊन राही. मग थोरली न्हाणीघरात घसरली, कमरेचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि येणे-जाणे फोनवर आले. दोघी बहिणी फोनवर भांडत, पण त्यात राम नव्हता. समोरासमोर बसून, एकमेकींच्या ताटातले उचलत जे भांडण होते, त्याची सर फोनला कशी येणार?

तेव्हा एका बिऱ्हाड हलवणाऱ्या गृहस्थाकडून कवळीवाल्यांनी मागे इंजिन लावलेली फायबरची जुनी होडी घेतली. तलाव सरळ ओलांडायचा, बायकोला बहिणीच्या दारात उतरवायचे, संध्याकाळी परत. बेत नामी होता. बेतात एकच खोट निघाली: होडी आणल्याच्या दिवशी त्यांनी तिच्या अंगावरून काळे फडके फिरवून पाहिले, आणि फडके खडूचा फळा पुसल्यासारखे पांढरे झाले.

फायबरच्या होडीला रंग दिलेला नसतो. तिच्या अंगावर रंगीत राळेचा एक पातळ थर असतो, तीच तिची कातडी. वर्षानुवर्षे उन्हात ठेवली की ती कातडी करपते आणि तिची भुकटी होऊन सुटू लागते. आधीच्या मालकाने होडी अंगणात उघडी टाकली होती. कवळीवाल्यांना या गोष्टीचा संताप आला, आणि संतापाखाली कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. इतकी खरबरीत वस्तू त्यांच्या हाती आजवर कोणी दिली नव्हती.

आधी धुणे झाले. मग घासायची पेस्ट लावून वीत-वीत भाग घासून काढणे झाले, कारण भुकटीवरच मेण चढवणे म्हणजे दात न घासता अत्तराची चूळ भरणे, असे त्यांचे मत होते. मग मेण. मेण उन्हात लावायचे नसते, जागीच चिकटून बसते. म्हणून झाडाची सावली हवी. सावलीच्या झाडावर कावळे होते आणि त्यांना पांढऱ्याशुभ्र होडीविषयी काही सौंदर्यदृष्टी नव्हती. कावळ्यांविषयी कवळीवाल्यांनी नगरपालिकेत तोंडी तक्रार केली. तिथल्या कारकुनाने झाड पालिकेचे आहे, कावळे नाहीत, असा निर्वाळा दिला. या देशात जबाबदारी नेहमी बुंध्याशी संपते, असे पुटपुटत ते घरी आले आणि होडीवर कापडी छत बांधले. मेणाचा पहिला हात वाळून धुरकट झाला, मऊ फडक्याने पुसला, आणि होडीच्या कुशीत त्यांना आपला स्वतःचा चेहरा दिसला. तो जरा फुगीर दिसत होता. म्हणजे अजून एक हात हवा.

असे हातामागून हात चढत गेले. बायको रोज चहाचा कप घेऊन अंगणात यायची, होडीकडे बघायची आणि पलीकडच्या छपराकडे बघायची. होडी पाण्यासाठी घेतली की दृष्ट काढण्यासाठी, असे तिने एकदा विचारले. पाणी वाटते तितके निरुपद्रवी नाही, शेवाळाची पिवळी रेघ एकदा बसली की जन्मात जात नाही, असे त्यांनी तिला सविस्तर समजावले. थोरलीपर्यंत बातमी गेली, तेव्हा तिने फोनवरून विचारणा केली की माझी कंबर आधी जुळते की भाऊजींचे मेण आधी वाळते, यावर पैज लावायची का.

ही थट्टा एका फोनने संपली. थोरलीचा मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता. तो रविवारी येऊन आईला कायमची घेऊन जाणार होता. घराला कुलूप लागणार होते. त्या शहराला तलावावरून वाट नव्हती, आणि डोंगरातली वळणे मात्र पोटभर होती. बायकोने फोन ठेवला, अंगणात आली आणि नवऱ्याच्या हातातले फडके काढून घेतले.

"शनिवारी आपण जायचं," ती म्हणाली. "तुम्ही आलात तर होडीनं. नाही आलात तर मी बसनं जाईन, आणि दर वळणावर उतरेन."

कवळीवाले शनिवारला कबूल झाले. मधल्या वेळात त्यांनी स्वस्थ बसायला हवे होते. पण होडीचा एक भाग अजून त्यांच्या डोळ्यांत सलत होता. जिथे पाय ठेवून आत उतरायचे तो पुढचा पृष्ठभाग आणि आतली जमीन, ही दोन्ही बारीक दाणेदार होती, संत्र्याच्या सालीसारखी. उरलेली होडी आरशासारखी आणि नेमकी माणसाच्या नजरेसमोरची जागा अशी फोडाफोडांची. साच्यात आळस केला की असे होते, हे त्यांना कवळ्यांवरून पाठ होते. कारखान्यातल्या मंडळींना लाज नाही, आणि गिऱ्हाइकाला डोळे नाहीत. शुक्रवारी सकाळी त्यांनी मागच्या खोलीतले यंत्र लांब वायर लावून अंगणात आणले, ते सगळे दाणे घासून सपाट केले आणि त्यावर मेणाचे दोन दणदणीत हात चढवले. संध्याकाळी त्यावरून बोट फिरवले तेव्हा बोट त्यांच्या आधी पलीकडे पोहोचले. आयुष्यात इतके समाधान त्यांना क्वचितच लाभले होते.

शनिवारी शेजाऱ्यांच्या जीपने होडी धक्क्यापर्यंत ओढत आणली आणि पाण्यात सोडली. शेजारी कौतुक करून निघून गेले. बायको बहिणीसाठी भरलेली पिशवी घेऊन उभी राहिली. कवळीवाल्यांनी विजारीच्या घड्या नीट केल्या, यजमानाच्या थाटात एक पाऊल होडीवर ठेवले, आणि ते पाऊल तिथे थांबले नाही. पावलामागून दुसरे पाऊल गेले, पावलांमागून कवळीवाले गेले, आणि होडीची सबंध लांबी पार करून इंजिनाला मिठी मारल्यावरच त्यांचा प्रवास संपला. उठायला गेले तर पुन्हा बसले. तिसऱ्या खेपेला ते गुडघ्यांवर राहिले आणि तिथून आजूबाजूला असे पाहिले की जणू काही हरवलेले शोधत आहेत.

बायको हसली नाही. तिने आधी कुठे लागले का, एवढेच विचारले. नाही म्हटल्यावर तिने होडीकडे नीट निरखून पाहिले.

"इथं दाणे होते ना?"

"होते. घासले मी."

"घसरू नये म्हणून असतात ते, अहो."

माणसाचा पाय ठरावा म्हणून केलेली सोय आपण दोष समजून काढून टाकली, हे कवळीवाल्यांना एका क्षणात, बसल्या जागी कळले. आणि बसल्या जागीच कळावे, अशी तजवीज त्यांनी स्वतःच करून ठेवली होती. ते चाचरत म्हणाले की घरून मेण काढायचे द्रावण आणतो, दुपारपर्यंत पुसून काढतो, फार तर उद्या सकाळ. उद्या रविवार होता. हे शब्द तोंडातून बाहेर पडताच त्यांनाही ते आठवले.

बायकोने पिशवी खाली ठेवली. ती काठावर उतरली, पदर खोचला, आणि ओंजळ ओल्या वाळूने भरून आणून होडीच्या आरशावर उपडी केली. मग पुन्हा गेली, पुन्हा आणली. पायाने ती वाळू तिने सारखी पसरवली. तिच्या टाचेखाली जो कचकच आवाज झाला, तो कवळीवाल्यांच्या दातांच्या मुळांपर्यंत पोहोचला. मग ती पिशवी घेऊन ठामपणे आत आली, पुढच्या बाजूला बसली आणि म्हणाली, "चला."

तलाव शांत होता. वळण एकही नव्हते. बायकोला मळमळले नाही, उलट अर्ध्या वाटेत तिने बहिणीसाठी घेतलेले शेंगदाणे फोडून खायला सुरुवात केली आणि टरफले पाण्यात सोडली. पाण्यावर आपल्याला काही होत नाही, हे तिला आजच समजत होते, आणि नेमके आजच समजावे याचा तिला रागही येत होता. इतके दिवस सावली शोधत बसलात, असे ती एकदा म्हणाली. तेवढे एक वाक्य कवळीवाल्यांनी पलीकडच्या काठापर्यंत ऐकले.

पलीकडचा धक्का ओबडधोबड दगडांचा निघाला. होडी टेकताच दगडाने तिच्या कुशीवरून कर्र करून हात फिरवला. बायको दगडावर चढली आणि मागे न पाहता पायऱ्या चढून घराकडे गेली. कवळीवाले मात्र धक्क्यावर बसले आणि एक पाय लांब करून होडी दगडापासून दूर रेटून धरली. लाट आली की पाय आखडायचा, लाट गेली की लांब करायचा. तुम्ही गप्पा मारा, मी इथे बरा आहे, असा निरोप त्यांनी वरच्या खिडकीकडे ओरडून दिला. खिडकीतून आधी रडणे ऐकू आले, मग लगेच भांडण. भांडण तब्येतीत चालले होते. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या.

थोड्या वेळाने थोरलीची सून, जी आवराआवरीसाठी नवऱ्याच्या आधीच येऊन राहिली होती, पायऱ्या उतरून आली. तिच्या हातात एक जाडजूड उशी होती.

"आईंनी दिलीय. म्हणाल्या, माझ्या कमरेपेक्षा भाऊजींची होडी नाजूक आहे. तिला लावा आणि वर या."

कवळीवाल्यांनी उशी घेतली. होडी आणि दगड यांच्या मध्ये ती धरून पाहिली. मापात बसत होती, जशी काही त्याच जागेसाठी शिवली होती. मग त्यांनी सहज विचारले की ही कसली उशी. सून म्हणाली, दोन गुडघ्यांच्या मध्ये ठेवायची, डॉक्टरांनी सांगितलेली. ती नसली तर सांधा निसटेल म्हणून आईंना जराही कूस बदलता येत नाही. आत्ता त्या लाकडासारख्या पडूनच बोलताहेत.

उशी मध्यभागी चेपलेली होती आणि अभ्र्याला एका बाजूने टाके घातलेले होते. कवळीवाल्यांनी ती बाहेर काढली, पाण्याचे दोन थेंब उडाले होते ते सदऱ्याने पुसले. होडीचा दोर त्यांनी कडीला घट्ट बांधला. पाय काढून घेतला. होडी लगेच दगडाला जाऊन भिडली. उशी काखेत मारून ते लंगडत पायऱ्या चढू लागले.

खोलीत त्यांनी उशी बायकोच्या हाती दिली, आणि ती बहिणीच्या गुडघ्यांत सरकवेपर्यंत रीतीप्रमाणे भिंतीकडे पाहत उभे राहिले. थोरलीने सुटकेचा श्वास टाकला आणि कुशीवर वळली.

"होडी, भाऊजी?"

"बांधलीय, ताई."

खालून कर्र असा आवाज आला. दोघी बहिणींनी एकदमच त्यांच्याकडे पाहिले. कवळीवाल्यांनी कोपऱ्यातली खुर्ची उचलली, खिडकीकडे पाठ येईल अशी पलंगाजवळ मांडली आणि बसले. मग थोरलीने धाकटीकडे बोट करून त्यांनाच विचारले, लहानपणी आईची लाडकी कोण होती ते तुम्हीच सांगा, ही तर ऐकतच नाही. आणि धाकटीने, हे काय सांगणार, असे म्हणत त्यांच्या ओंजळीत उरलेले शेंगदाणे ओतले.