दगडूमामांची अट

दगड बोलतो, असे कलासमीक्षक सांगत आले आहेत. उस्मानपुऱ्यात आमच्या शेजारी राहणारे शिल्पकार दगडूमामा चाळीस वर्षे दगडांच्या सहवासात होते; त्यांच्याशी एकही बोलला नव्हता. "बोलला आसता," ते म्हणत, "तं पैलं हेच म्हणला आसता, लेका, मला सोड."

आधीची दोन मुले दगावली म्हणून आईने हे नाव ठेवले. दगडाला मरण शिवत नाही, अशी समजूत. देवगाव रंगारीकडच्या शेतांत नांगराला अडलेले काळे दगड ते आणत आणि महिनोन्‌महिने घासत. शेवटी दिसायचा दगडच, फक्त कुठेतरी तळहात बसेल एवढा खोलगट. बघायला येणारे विचारत, "हे काय आहे?"

"दगड हाय."

"म्हणजे नेमकं काय?"

"नेमका दगड."

त्यांच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत मी 'अनंताशी संवाद' असे लिहिले, तेव्हा त्यांनी काळजीने विचारले, "सर, ह्यो अनंता कोण? मला तं आठवंना."

धुळीने त्यांची छाती पोखरली. डॉक्टरांनी बजावले, घासणे बंद. आणखी धूळ गेली तर वर्ष काढणार नाही. तोवर त्यांचा शेवटचा दगड एका सरकारी कार्यालयाच्या अंगणात बसला होता. मामांची अट एकच होती: त्यावर काही लिहायचे नाही. रंगाबद्दल अट घालायचे त्यांना सुचले नाही.

मंत्री येणार म्हणून कार्यालयाने कठडे, कुंड्या, झाडांची खोडे रंगवली, आणि दगडाला सोनेरी ऑइलपेंट दिला. मामांनी ते पाहिले आणि पायरीवर बसले. हेडक्लार्क धावत आले. "मामा, सगळ्यालाच मारला ना. तुमचाच ठेवला असता तं तुम्हीच म्हणले असते, गरिबाला वगळलं. आन् फोटोत बघा, कसा उठून दिसतो!" त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. असती तर भांडता आले असते.

थिनरने वरचा रंग निघाला, छिद्रांतला निघेना. दुसऱ्या दिवशी मामा तोंडाला ओले उपरणे बांधून घासायला बसले.

"मामा, काय होईल माहीत आहे ना?"

"व्हय."

"मग राहू द्या की सोनेरी. लोकांना नाहीतरी काय कळतं?"

"लोकाचं नाय, सर. ह्या अंगावर माझा हात लई फिरलाय. त्यो झाकला त्यांनी."

मी पाणी ओतत राहिलो. त्याने धूळ कमी उडते, असे स्वतःला सांगत. अठरा दिवस लागले. ते मध्येच थांबून खोकत. खोकला ओसरला की आधी दगडाकडे बघत, मग माझ्याकडे. शेवटच्या दिवशी त्यांनी खोलगट जागेत तळहात ठेवला, बराच वेळ. "आता बसला," म्हणाले.

पावसाळ्याआधी ते गेले. कार्यालयाने दगडापाशीच शोकसभा ठेवली. आदल्या दिवशी त्याला पुन्हा रंग दिला होता. प्रसंग दुःखाचा असल्यामुळे, काळा.