लंगोट वाळेपर्यंत

बेळगावच्या वडगावातल्या एका गल्लीत कचऱ्याची गाडी आली की बाकीच्या बायका डबे घेऊन धावतात आणि अक्काताई नुसती हात हलवत येते. गाडीत टाकायला तिच्याकडं काही नसतंच. भांड्यांना राख, अंगाला परसातल्या दोडक्याची जाळी, केसांना शिकेकाई. मागावर उरलेल्या धाग्यांची पायपुसणी होतात, पिशव्या होतात, उशाही होतात. टूथपेस्ट तिनं कधीच हद्दपार केली. मशेरी मात्र चालते, कारण तंबाखू शेतात पिकते, कारखान्यात नाही, असं तिचं शास्त्र. गाडीपाशी ती येते ती फक्त दुसऱ्यांच्या डब्यांत डोकावून नाक मुरडायला.

पर्यावरण हा शब्द तिच्या जिभेवर बसत नाही. तिचा मंत्र एकच, 'आपल्याकडं हाय की.' नवीन काही घ्यायचं म्हटलं की हा मंत्र पडतो आणि विषय मिटतो. तिचे यजमान मारुतीराव यांनी लग्नानंतर लगेच शरणागती पत्करली. ते घरातच खालच्या खोलीत दोन यंत्रमाग चालवतात, साड्या विणतात आणि फारसं बोलत नाहीत. मागांच्या खडखडाटात बोललं तरी ऐकू येत नाही, ही त्यांच्या संसारातली मोठी सोय आहे.

अशा घरात रक्षा बाळंतपणाला आली. एकुलती एक लेक, निपाणीला दिलेली, तिथंच बँकेत नोकरीला. लग्न झाल्यापासून माहेरी यायची ती गणपतीला, तीही पाहुण्यासारखी, घड्याळाकडं बघत. यंदा अक्काताईनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं की पोरगी गणपती होईस्तोवर हलत नाही. सांगताना तोरा होता, पण आत धाकधूक होती. लेक चार दिवस पोटभर बघायला मिळावी, एवढीच तिची इच्छा होती आणि ती पुरी होईल याची तिला खात्री नव्हती.

बाळ घरी आलं त्याच दिवशी जावई राजकुमार डायपरचा खोका घेऊन आला. खोका एवढा की बाळाला त्यातच झोपवता आलं असतं. अक्काताईनं तो न उघडताच माळ्यावर चढवला. तिनं आपल्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे लंगोट आधीच शिवून ठेवले होते. शेजारच्या यशोदाबाईंच्या देखत तिनं जाहीर केलं की या घरातून आजवर एक डायपर गाडीत गेला नाही आणि जाणारही नाही. रक्षा मोठी झाल्यापासून या घरात बाळच नव्हतं, हे यशोदाबाईंनी काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

रक्षा मात्र आईचीच लेक. तिनं तिथल्या तिथं अट घातली. "लंगोट तर लंगोट, आई. पर ज्या दिवशी माझ्या पोरीला ओला लंगोट लागंल, त्या दिवशी मी निपाणीला."

अक्काताईनं मान डोलावली आणि नेमका आषाढ लागला. बेळगावचा आषाढ कुणाच्या बापाचं ऐकत नाही. भिंतींना ओल आली, उदबत्ती पेटेना, मग लंगोट कुठले वाळतात. तिनं शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर लंगोट पसरले. ते वाळले, पण त्यांना असा धूर लागला की बाळ शिंकत सुटलं.  रक्षानं बॅगेकडं बघितलं, तेवढंच अक्काताईला पुरलं.

मग तिची नजर मागांच्या खोलीवर गेली. मोटरींच्या गरमीनं ती खोली कायम उबदार. तिनं सरळ मागांवरून दोरी बांधली आणि लंगोट लटकवले. साड्यांचा व्यापारी येतो, त्याला काय सांगू, असं मारुतीरावांनी कळवळून विचारलं. नवीन डिझाईन हाय म्हणून सांगा, म्हणाली. व्यापारी आला, साडी हातात घेऊन त्यानं वर बघितलं, नाक मुरडलं. मारुतीराव छाती काढून म्हणाले, "नातीचं हाय." व्यापारी हसला आणि साड्या घेऊन गेला. लंगोट कडकडीत वाळायला लागले. बाळही त्या खडखडाटाला इतकं सरावलं की माग चालू असले तरच झोपायचं.

एका सकाळी वीज गेली. माग थांबले आणि त्या शांततेनं बाळ दचकून उठलं ते रडतच. कुठंतरी खांब पडला होता, वीज कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. उरलेले कोरडे लंगोट बाळानं बघता बघता संपवले. दोरीवरचे सगळे ओले. रक्षानं राजकुमारला फोन लावला, गाडी घेऊन या म्हणाली आणि न्हायला गेली.

अक्काताई बाळाजवळ बसली. हातात ओला लंगोट होता. तो तिनं गालाला लावून बघितला, दोनदा पिळला, आणि तिला उगाच रडायला आलं. मग उठली, शिडी लावली आणि माळ्यावरचा खोका खाली काढला.

दुपारी राजकुमार आला. बॅग दारात आली. आईला सांगावं म्हणून रक्षा मागांच्या खोलीत गेली आणि उंबऱ्यातच थांबली. लंगोटांच्या मधोमध दोरीवर एक डायपर लटकत होता. उशीएवढा फुगलेला. दोरी पार मागाला टेकली होती. एका फाटलेल्या कोपऱ्यातून भिजलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी खाली गळत होतं आणि अक्काताई ते ओंजळीत झेलत होती.

"आई, हे काय गं?"

"धुतलाय. पिळंल तसा फुगतोय मेला."

"ते धूत न्हाईत. टाकून देत्यात."

"एकदाच वापरून?" अक्काताईला ते खरंच कळेना. मग ती खाली मान घालून म्हणाली, "बाळाला दुसरा लावलाय, कोरडा. ओला लंगोट न्हाय लागला तिला. आता कशाला जातीस?"

रक्षा मागाच्या फळीवर बसून इतकी हसली की टाके दुखले. हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी आलं ते तिलाच कळलं नाही. तिनं उठून आधी बाळाचा उलटा घातलेला डायपर सुलटा केला. मग राजकुमारला सांगितलं, बॅग आत ठेवा, जेवा आणि जावा, गणपती झाल्यावर न्यायला या. ऊन पडलं की लंगोट, पाऊस असला की डायपर, असा माय-लेकींचा तह झाला. मारुतीरावांना कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी आली. अक्काताई धाग्यांची पिशवी पोटाशी धरून बाहेर आली, तशी सगळी गल्ली बघायला लागली. यशोदाबाईंना राहवलं नाही. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि विचारलं, "अक्का, तुझ्या घरातनं डायपर व्हय गं?"

"लेक ऱ्हायलीया माझी," अक्काताई म्हणाली. तिनं पिशवी गाडीत उपडी केली, झटकली आणि घडी घालून परत घरात नेली.