सहा तारांचा एकच सूर

किस्से जमवायला कोणी मुद्दाम बसत नाही. दारामागच्या खुंटीवर कापडी पिशव्या साठतात, तसे ते साठत जातात. एक काढायला गेलं की चार अंगावर येतात. आमच्या छिंदवाड्याकडच्या सौंसर गावच्या गायन पार्टीचे किस्से असेच, आणि त्यातल्या बहुतेकांत मूर्ख माणूस मीच आहे. तेव्हा बदनामीची भीती नाही, बिनधास्त सांगतो!

काळ ऐंशीच्या दशकातला. पेटीवर प्रभाकर गुरुजी, म्हणजे शाळेतले मास्तर आणि पार्टीचे मालक. ढोलकीवर गजानन टेलर. आणि गायला शेवंताबाई. ती संत्र्याच्या बगिच्यांत तोडीला जायची आणि तिनं आवाज लावला की रस्त्यानं जाणारा सायकलवरून उतरायचा. मी चौथा. कचेरीत बाबू, जवळ नागपूरहून आणलेली गिटार आणि मनात एकच इच्छा, की शेवंताबाईनं एकदा तरी माझ्या गिटारवर गावं.

*

सगळं बिघडलं ते एका कॅसेटनं. नागपूरच्या मित्रानं दिली होती, वर नावबिव काही नाही. लावली तर एकच सूर. घूंऽऽ करत चालूच! मला वाटलं टेप अडकली. हेड स्पिरिटनं पुसलं, कॅसेट पेन्सिलीनं फिरवली, पुन्हा लावली. तोच सूर!

शेवटी गुरुजींना ऐकवली. त्यांनी अख्खी बाजू डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "तंबोरा मस्त हाय. पण गाणारा कवा येऊन राहिला?"

गाणारा आलाच नाही. तेवढंच संगीत होतं ते, आणि मला ते भलतंच आवडलं.

*

गिटारच्या तारा वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या असतात. मी ठरवलं, आपण सगळ्या फक्त सा आणि प मध्येच लावायच्या. मग बोटं नाचवायची गरजच नाही. नुसता हात फिरवला की सूर घुमत राहणार.

गजाननाच्या दुकानात बसून लागलो कामाला. एक तार ताणता ताणता तुटून गालावर बसली. दुसरी खाली आणता आणता इतकी सैल झाली, की सूर सोडून लाकडावर फडफडायला लागली. गजानन कपड्यांचं माप सोडून बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

"लोकं बाजेची दोरी कसतेत बे," तो म्हणाला, "तू ढिली करून राहिला!"

*

माझी खोली जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या भिंतीला लागून होती. कापसाच्या हंगामात भिंतीतून दिवसभर एक गंभीर सूर यायचा. मला वाटलं, एवढा मोठा तंबोरा फुकट मिळतोय, तर त्यालाच गिटार जुळवावी. जुळवली, आणि काय सांगू, अंगावर काटा आला!

पण दिवे लागायची वेळ झाली की व्होल्टेज पडायचं आणि जिनिंगचा सूर खाली घसरायचा. मी सहाही खुंट्या पिळत त्याच्या मागे. व्होल्टेज आलं की पुन्हा वर. बायकोनं चार दिवस पाहिलं आणि विचारलं, "तुमी गिटार वाजवून राहिले का जिनिंग चालवून राहिले?"

होळीच्या आसपास हंगाम संपला, जिनिंग बंद पडली. त्या दिवशी आमच्या घरात दोनच माणसं होती. त्यातलं एक फार खूश होतं.

*

सासुरवाडी पांढुर्ण्याची. सासरेबुवांनी कौतुकानं शेजारपाजारचे बोलावले, "जावई गिटार वाजवतेत" म्हणून. लोकांना वाटलं, सिनेमातलं काहीतरी होणार. मी डोळे मिटले आणि सा-प लावला.

थोड्या वेळानं सासरेबुवा उठले आणि पंखा बंद करून आले. मग रेडिओचा प्लग काढला. मग बाहेर जाऊन मीटरच्या डब्याला कान लावला. परत आले ते कपाळावर आठ्या घेऊन.

"सगळं बंद केलं," ते मंडळींना म्हणाले. "आवाज त अजून येऊनच राहिला!"

*

मग गजाननच म्हणाला, की तुझं हे वाजवणं लोकांत नको, जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीला जाऊ. "तिथं मारुतीराय आधीच आडवे हायेत. कोणाले झोप लागली तरी तुया माथी येत नाही!"

गेलो. देवळाबाहेर झाडाखाली बसून सुरू केलं. एक म्हातारेबुवा समोर येऊन टेकले. मी हरखलो, एक तरी श्रोता मिळाला! बराच वेळ ऐकून ते मायेनं म्हणाले, "चालू द्या तुमचं. जुळलं की सुरू करा, मी तवरिक दर्शन घेऊन येतो."

दर्शन घेऊन, प्रसाद खाऊन ते परत आले आणि चक्क हळहळले. "अजून नाही जुळलं?"

*

इतकं होऊनही शेवंताबाईला मी विचारलंच. बगिच्यातून येताना ती गुरुजींकडे तालमीला थांबायची. मी म्हटलं, बाई, एक गाणं गिटारवर म्हणून पाहा.

तिनं सुरुवात केली आणि नेमकी एक खुंटी सरकली. सूर खाली गेला. ती थांबली. रागावली नाही, तेच जास्त लागलं.

"भाऊ, मी झाडावर शिडी लावून चढतो. शिडी हालली त मी खाली. तुमचं मशीन हालून राहिलं." आणि ती गुरुजींच्या पेटीकडे वळून बसली.

त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. घरी येऊन त्या खुंट्या काढल्या, घासल्या, पुन्हा बसवल्या. पुढचे कित्येक दिवस मी काही वाजवलंच नाही. नुसत्या तारा जुळवायच्या आणि त्या सरकतात का, ते बघत बसायचं. बायकोला वाटलं, नाद सुटला एकदाचा!

*

आणि मग बुद्ध पौर्णिमा. रामाकोन्याच्या विहारात सकाळी आमचा कार्यक्रम. छिंदवाड्याच्या बसनं गेलो, पेटी आणि ढोलकी टपावर. रामाकोना आलं, सगळे उतरलो. गजानन टपावर चढला. ढोलकी काखेत मारून पेटीकडे वळला तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी सोडली. गजाननानं ढोलकीसकट खाली उडी मारली. पेटी गेली छिंदवाड्याला!

विहार माणसांनी भरलेला. गुरुजींचा चेहरा पाहवत नव्हता. शेवंताबाई माझ्या गिटारकडे बघत होती, आणि मी दुसरीकडे.

"भाऊ, लावा," ती म्हणाली. "पण हालवू नका."

मी सा-प लावला. विहारातला एकुलता एक माइक तिच्यासमोर. मी तिच्या मागे भिंतीला टेकून, नुसता हात फिरवत होतो. ती गायला लागली. पहिल्या ओळीला जरा चाचपडली, दुसरीला सरळ झाली, आणि मग अशी वर गेली, अशी वर गेली, की गजानन ढोलकी वाजवायचा विसरला. मधे माझं मनगट भरून आलं. बोटं सोलवटली. मी खुंट्यांकडे बघत होतो आणि मनातल्या मनात त्यांच्या हातापाया पडत होतो. एकही सरकली नाही. मला रडू येत होतं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

गाणी संपली. लोक उठून शेवंताबाईभोवती जमले. एक पागोटेवाले पाटील तिला हात जोडून म्हणाले, "वा बाई! ना पेटी, ना काही. नुसत्या गळ्यावर!" मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी येवढं मशीन घेऊन आले बाबूजी, मंग वाजवलं काहून नाही?"

शेवंताबाई दारात चपला घालत होती. तिथूनच ती म्हणाली,

"वाजवलं ना भाऊनं! नाही त मी चढली कायच्यावर?"