उलटी भरलेली पेटी

आमच्या शेजारच्या वहिनींना दगड वाचता येतात, आणि माणसं त्याहून बरी. त्यामुळे त्यांच्यासमोर त्यांचा नवरा सहसा थापा मारत नाही. थापा तो माझ्यासाठी राखून ठेवतो. तो कोळशाच्या शोधात जमिनीला खोल भोकं पाडणारा ड्रिलर. भोकातून निघणारे दगडाचे लांब दंडगोल पेट्यांत मांडायचे, वरचा थर आधी, खालचा नंतर, हे वहिनींचं काम. पेट्यांची शेड पत्र्याची, पण लखलखीत. चिखलाचे बूट घालून साहेब आला तरी बाहेर काढतात.

तर त्या दिवशी बॅगा दाराशी होत्या. लेकीचे दिवस भरले होते. शेवटचं भोक पुरं झालं की दोघं संध्याकाळच्या गाडीने तिच्या बाळंतपणाला निघणार. गडी इतका उतावीळ, की शेवटची पेटी त्याने स्वतःच भरली. वर कोळसा, खाली चिकणमाती. कोळसा संपून माती लागली की काम फत्ते. माणसं यंत्र उतरवायला लागलीसुद्धा.

वहिनींनी पेटीवर ओला फडका फिरवला आणि त्या थबकल्या. त्या मातीत जुन्या दलदलीतल्या झाडांची मुळं काळ्या रेघांसारखी दिसतात.

"अहो, ही मुळं वर निमुळती कशी होतायत?"

"झाडांना विचार."

"झाडं आभाळात मुळं सोडत नाहीत. पेटी उलटी भरलीत तुम्ही. जमिनीत माती वर आहे, तिच्याखाली पुन्हा कोळसा. भोक अजून कोळशातच आहे."

नवरा खाली बघत म्हणाला, "कुणाला कळणार आहे? पोरगी वाट बघतेय गं."

"मला कळलंय ना."

"तुझ्यापायी मी आजोबा उशिरा होणार."

"आजोबा तुम्ही घरबसल्याही व्हाल. लावा यंत्र."

आणि स्वतःही थांबल्या! पेटी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची तर नवऱ्याच्याच, आणि तो प्रकार तर नुकताच बघितला होता.

कोळसा संपता संपेना. आधी लागलेल्या वरच्या थराहून हा जाड निघाला. शेवटी माती लागली, मुळं खाली निमुळती होणारी, तेव्हा कुठे दोघं गाडीत बसले. पोहोचले तर नात पाळण्यात झोपलेली, आणि लेक आईशी बोलेना.

परतल्यावर मी मुद्दाम खोचून विचारलं, "वहिनी, लेक रुसली म्हणे?"

"रुसू दे. नात कुठे पळून गेली नव्हती," त्या म्हणाल्या. "भोक मात्र बुजवून टाकलं असतं यांनी."