तिचं नाव दगडावर नाही

माझी लेक कोरोनात गेली. तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, दवाखान्यातनं गुंडाळून परस्पर नेली. तिच्या सासरी, फलटणच्या पलीकडं, कोरोनात गेलेल्या गावकऱ्यांची नावं कोरून पंचायतीपुढं दगड उभा केलाय असं यंदा कळलं, तशी मी कोरेगावातनं सकाळच्या एस.टी.नं निघाले. लेकीला भेटायला निघावं तशीच निघाले म्हणा ना.

दगड काळा, चकचकीत. मी काही शाळेत गेलेली नाही, पोरीच्या पाटीवरनं अक्षरं उचलली, त्यामुळं अजूनही बोट लावून वाचते. वरनं खाली वाचलं. मग खालनं वर वाचलं. तिच्या चुलत सासऱ्याचं नाव होतं, पिठाच्या गिरणीवाल्याचं होतं. तिचं नव्हतं.

चुकून राहिलं असेल, असं म्हणून तिच्या घरी गेले. जावयानं दुसरं लग्न केलंय. त्याचं मला वाईट वाटलं नाही, घर चालायला माणूस लागतंच. विहीणबाईंनी सतरंजी टाकली आणि चहा ठेव म्हणून आत सुनेला हाक मारली. ती हाक माझ्या लेकीच्या नावानं मारली.

आमच्यात लग्नात पोरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं. माझ्या पोरीचं लिहिलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. ह्या दुसरीच्या वेळीही जावयानं तेच लिहिलं होतं. सगळ्यांच्या तोंडात तेच बसलंय, उगं नवं कुठं शोधत बसायचं, असं विहीणबाई म्हणाल्या.

मी दगडाचा विषय काढला. जावई पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. विहीणबाई मात्र भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तशा बोलल्या.

"आवं, त्या नावाची सून जिती हाय की घरात. पोटुशी हाय. मेलेल्यांच्या दगडावर तिचं नाव कसं घालायचं? अभद्र न्हाई का ते?"

मग माहेरचं घाला, मी ठेवलेलं, असं मी म्हटलं.

"त्या नावानं हितं तिला कोण वळखतंय?"

आमच्या गावात तिचं नाव कोरा म्हणायची सोय नाही, दिलेली लेक सासरची. म्हणजे माझी पोर आता कुठल्याच गावात मेलेली नाही.

तेवढ्यात ती चहा घेऊन आली. बारकी पोरगी, पोट पुढं आलेलं. कप ठेवून पाया पडायला वाकली. तिनं माझं काय घेतलं होतं? नाव ठेवताना तिला तरी कुणी विचारलं होतं? हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. पण तिची दया आली असं म्हटलं तर खोटं होईल. मी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. ती तशीच वाकून राहिली, हात सतरंजीवर टेकून.

"आशीर्वाद द्या की पोरीला," विहीणबाई म्हणाल्या.

"ह्या नावाला मी एकदा दिलाय आशीर्वाद," मी म्हटलं. "त्याचं काय झालं, तुमी बघितलंय."

पोरीनं चटकन पोटावर हात धरला. जावई उठून बाहेर गेला.

चहा मात्र मी सगळा प्यायले. चांगला केला होता.