लाल रेघेच्या खाली

आता काय सांगू तुम्हाला, माझ्याइतकी सावध बाई अख्ख्या डोंबिवलीत नाही, असं मला गेल्या मे महिन्यापर्यंत वाटत होतं! चहा घ्या, सांगते.

माझी लेक सायली नेमबाजी करते. हवेची रायफल. तिच्या नळीखाली लाटण्याएवढा सिलिंडर असतो. त्यात हवा ठासून भरायची, तिच्या दाबावर छर्रा सुटतो. सिलिंडरच्या टोकाला काटा आणि तिथे लाल रेघ. काटा रेघेपुढे गेला की धोका. इतकं सोपं!

पण आमच्या प्रकाशभाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, सोपं काही चालतच नाही. राहतात टेंभी नाक्याला. स्वतः जुने नेमबाज, म्हणून हवा भरायची मोठी टाकी त्यांच्याकडे. राज्य संघाच्या निवड चाचणीच्या आदल्या दिवशी आम्ही मायलेकी सिलिंडर घेऊन गेलो, तर यांनी काटा खुशाल रेघेच्या पार नेला!

"भाऊजी, थांबा! रेघ गेली!"

"वहिनी, रेघ घाबरटांसाठी असते. मला नुसता हात लावला तरी दाब कळतो."

हात लावून? ताप आलाय का त्याला? मग सिलिंडरला कान लावून डोळे मिटले. म्हणे आवाजावरूनही समजतं! ज्या माणसाला कुकरच्या तीन शिट्ट्या मोजता येत नाहीत, ज्याच्या हातून भाताचा दर वेळी लगदा होतो, तो मला दाब शिकवणार!

"आधी काटा रेघेवर आणा. नाहीतर माझी पोर याला हात लावणार नाही."

फुगले, पण हवा सोडली. एक पितळी स्क्रू असतो, तो सिलिंडरच्या तोंडाला लावून फिरवला की फुस्स! तोच स्क्रू निघताना माझ्या हातात ठेवला. "घ्या. आता तुम्हीच साहेब."

इथपर्यंत मी बरोबर होते. एवढं कृपा करून लक्षात ठेवा, कारण आमच्या घरात कोणी ठेवत नाही.

घरी येऊन सिलिंडर फ्रिजवर ठेवला. तासाभराने बघते, तर काटा रेघेच्या केसभर पुढे! फ्रिजचा वरचा भाग गरम असतो ना. मी काय केलं? गॅस बंद केल्यावर चमच्याने शिटी उचलून वाफ सोडतो, तसा स्क्रू फिरवला. फुस्स! जिवाला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

झोपायच्या आधी सहज आणखी एकदा. फुस्स! सकाळी गाडीत ऊन थेट पिशवीवर. फुस्स! कळव्याला सिग्नलला उभे होतो, मनात आलं, एवढा खड्ड्यांतून हादरलाय... फुस्स! काटा कोण बघतंय? आवाज आला की माझं समाधान.

"आई, कसला आवाज गं?" सायली डोळे मिटून मन एकाग्र करत होती.

"काही नाही बाळा. तुझ्याच सुरक्षेसाठी."

चाचणी सुरू झाली. पहिले नेम सुरेख! मग छर्रे खाली खाली जायला लागले. पोरीचा चेहरा पडला. आज निवड हुकली की वर्ष वाया! माझं डोकंच फिरलं. भाऊजी शेजारीच बसलेले.

"तुम्हीच काहीतरी केलंत! कान लावून भरता ना? गळका करून दिलात!"

"बाई, शांत बसा!" पंच ओरडले. अख्खी गॅलरी माझ्याकडे बघायला लागली.

तेवढ्यात सायलीने काटा बघितला, हात वर केला. भाऊजी उठले. पिशवीतून स्वतःचा जादा सिलिंडर काढून पंचांकडे दिला. मी मान लांब करून बघितलं, काटा बरोब्बर रेघेवर.

परत येऊन म्हणाले, "काल तुम्ही ओरडलात ना, म्हणून रेघेवरच भरला. स्क्रू कुठाय, वहिनी?"

मी मूठ उघडली. स्क्रू तिथेच होता, घामाने चिकटलेला.

"वरच्या रेघेची एवढी काळजी घेतलीत," ते हळूच म्हणाले, "पण काट्याला खालची पण एक रेघ असते."

सायली निवडली गेली, शेवटच्या जागेवर का होईना. आता सिलिंडर भाऊजींच्या गाडीतून जातो. माझ्याकडे फक्त पोळीभाजीचा डबा. आणि तोसुद्धा वाटेत उघडून बघायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे!