वहीत न लिहिलेली तार

सगळ्यात आधी माईंचं नाव लिहितो. माई म्हणजे ठाकुर्लीच्या कुसुम गायकवाड. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, हिंगोलीकडून कामासाठी इकडे आलेलो. शीळफाट्याजवळच्या एका मोठ्या सोसायटीत माळी आहे. तू पुरवणीत लेख लिहिशील असं कुणी म्हटलं असतं तर मी तिथून पळालोच असतो. आज लिहिता येतंय ते माईंमुळे, आणि लिहितोय ते त्यांच्या मिस्टरांबद्दल, वामनकाकांबद्दल. काकांना जाऊन आता सहा आठवडे होतील. मी लॉनवर पाइप धरून उभा होतो तेव्हा फोन आला, खुद्द माईंचा. आवाज नेहमीसारखाच. "घाई करू नकोस, रस्ता बघून ये," एवढंच म्हणाल्या, आणि मग, "काका गेले रे..." पाइप तसाच चालू राहिला. गुलाबाच्या वाफ्यात पाणी तुंबलं तरी मला कळलं नाही.

आमची ओळख एका पिंपळामुळे झाली. सोसायटीच्या भिंतीला, ड्रेनेजच्या पाइपाजवळ पिंपळाचं रोप उगवलेलं. ते उपटून वर अॅसिड ओता, असा मला हुकूम होता. मी उपटलं, पण टाकवेना, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून हातात घेऊन उभा राहिलो. माईंची लेक त्याच सोसायटीत राहते, तिच्याकडे त्या आलेल्या. त्यांनी विचारलं, हे कुठे नेतोस? मला वाटलं आता तक्रार जाणार. पण त्या म्हणाल्या, मग माझ्या घरी पोचवशील का. त्या रविवारी मी ठाकुर्लीला त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो आणि बघतच राहिलो. चाळीसेक कुंड्या, आणि प्रत्येकीत गुडघ्याएवढं म्हातारं झाड, बोन्साय म्हणतात ते. काका रेल्वेत फिटर होते. जुन्या मोटारींमधली तांब्याची तार विस्तवात लाल करून थंड करायचे, म्हणजे ती मऊ होते. मग फांदीला वेढे देत गुंडाळायचे आणि फांदी हवी तशी वळवायचे. एक चिंच कड्यावरून खाली झेपावल्यासारखी, एका जांभळीच्या खोडावरची साल मुद्दाम सोलून वीज पडल्यासारखी केलेली. माझ्या हातातलं रोप बघून काका म्हणाले, "अरे वा हिंगोली, आणा इकडे, याला मस्त वळण देऊ." त्या दिवसापासून मी त्यांचा हिंगोलीच. माई मधे आल्या. म्हणाल्या, "बाकीच्यांचे काय हाल करायचे ते करा. पिंपळाला तार नाही." त्यांच्या घरात बुद्धांच्या फोटोखाली पिंपळाचं वाळलेलं पान ठेवलेलं असायचं. काका मागे सरले. घरात तो नियमच झाला.

पुढे आठ वर्षं मी दर रविवारी तिथे जात राहिलो. माईंचं मत एकच होतं, झाड झाडासारखं दिसावं. त्यांचं माहेर खडवलीचं, नदीकाठी उंबराखाली वाढलेल्या. काकांची झाडं बघून त्या विचारायच्या, हे झाड आहे की लेझीम खेळतंय? काका म्हणायचे, कुंडीत घातलं तेव्हाच आपण हात लावला, आता सोवळं कशाला? एकदा आम्ही तिघं खडवलीला गेलेलो. माईंनी मोठ्या अभिमानाने तो उंबर दाखवला. पाण्याकडे झुकलेला, ना कुणी वळवलेला ना कापलेला. काका त्याच्याभोवती फिरले आणि खोडावर एका जागी बोट ठेवलं. तिथे खोलगट वळ होता, गोल फिरलेला. कुणीतरी कधीकाळी म्हैस बांधली असणार, दाव्याने साल कापलेली आणि झाडाने ते दावं पोटात घेतलेलं. "हे बघ तुझं नैसर्गिक," काका म्हणाले. माई तडक परतीच्या वाटेला लागल्या. काका मात्र गाडीत बसल्यावर मला कोपराने ढोसून हसत होते.

माझं लिहिणं त्या गच्चीवरच सुरू झालं. प्रत्येक झाडाची नोंद ठेवायची एक वही होती. खत कधी, छाटणी कधी, तार कधी बांधली, कधी काढली. काकांचं अक्षर कुणाला लागायचं नाही, म्हणून माईंनी वही माझ्यापुढे ठेवली. मी शब्द गाळायचो, काने-मात्रे खायचो. माई शेजारी बसून दुरुस्त करायच्या, पण हसल्या कधीच नाहीत. मग म्हणाल्या, आता गावाला आईला पत्र लिही. फोन आहे की, मी म्हटलं. फोनवर तू सगळं बरंय एवढंच सांगतोस, त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. मला सगळ्याची काळजी वाटते, आणि ती बोलून दाखवायचीही भीती वाटते.

त्याच भीतीने माझ्या हातून ते झालं. गेल्या ज्येष्ठात माई बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस खडवलीला गेल्या. हिवाळ्यात ठाण्याला प्रदर्शन असतं, आणि काकांचा पिंपळावर डोळा होता. त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागलेले. "तू बांध," मला म्हणाले. "एकच फांदी. छान दिसायला लागली की तुझी माईच खूश होईल बघ." काकांना नाही म्हणता येत नव्हतं आणि माईंना सांगता येत नव्हतं. मी तार बांधली, कुंडी पाण्याच्या टाकीमागे सरकवली, आणि वहीत काही लिहिलं नाही. चोरून केलेलं लिहिणार कसं? माई परत आल्या आणि चार दिवसांत काकांच्या छातीत दुखलं. दवाखाना, मग महिनाभर बिछाना, जिना चढायचा नाही. माई त्यांच्यापाशी. बाकी झाडांच्या तारा मी वही बघून वेळेवर काढत होतो. पिंपळाची तार वहीत नव्हती... तशीच राहिली. पावसाळ्यात पिंपळ किती झपाट्याने फुगतो हे मला माहीत असायला हवं होतं. श्रावणात आठवण झाली तेव्हा तार सालीत रुतून बसलेली. कटरने तुकडे करकरून काढली, दोन तुकडे निघेचनात. मी वळावर माती आणि शेवाळ लिंपलं.

पुढच्या रविवारी बऱ्याच दिवसांनी माई गच्चीवर आल्या. आधी पिंपळाकडे गेल्या आणि ओल्या फडक्याने पानं पुसता पुसता त्यांचं बोट त्या जागी थांबलं. त्यांनी माती खरवडली. "हे कुणी केलं?" त्या फार हळू म्हणाल्या. माझ्या हातात बादली होती, ती खाली ठेवायचंही सुचेना. काय चाललंय ते काकांना खाली कसं कळलं कोण जाणे. कठड्याला धरून, धापा टाकत ते वर आले आणि म्हणाले, "मी बांधली. माझीच अक्कल." मी तो दोष त्यांच्यावर जाऊ दिला.

माईंनी भांडण केलं नाही. चहा, औषध, सगळं वेळच्या वेळी. फक्त काकांच्या झाडांना नावं ठेवायचं बंद केलं. जरा बरे होऊन गच्चीवर यायला लागल्यावर काका मुद्दाम एखादी फांदी वेडीवाकडी वळवून दाखवायचे, आणि माई "छान" म्हणून निघून जायच्या. "हिंगोली, ती छान म्हणते रे," काका मला म्हणाले. "करमत नाही." मला तेव्हा सांगता आलं असतं. दर रविवारी ठरवून जायचो आणि कुंड्या फिरवून परत यायचो. काकांचा दंडक होता, रविवारी प्रत्येक कुंडी पाव फेरा फिरवायची, म्हणजे सगळ्या बाजूंना ऊन मिळतं. दिवाळीनंतर एकदा माई त्या चिंचेपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ही पडतेय की हिला कुणी ढकललंय? त्या दिवशी काका किती हसले. मला वाटलं आता सगळं ठीक झालं, आता कशाला सांगायचं... माघात काका गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. त्यानंतरच्या रविवारी मी कुंड्या फिरवायला गेलो आणि पिंपळापाशी अडलो. माई मागे उभ्या होत्या. मी सांगून टाकलं. या घराचं दार बंद झालं तर मला या शहरात दुसरं कुणी नाही, हे माहीत असूनही सांगितलं. माईंनी माझं बोट धरून त्या वळावर ठेवलं आणि तो फिरत जातो तसं फिरवलं. "काका डावखुरे," त्या म्हणाल्या. "त्यांचा वेढा उलट्या बाजूने जातो. हा तुझा आहे, हे मला त्याच दिवशी कळलं."

"मग काकांवर का रागावलात?"

"तुला बांधायला सांगितलं कुणी? माझ्या पिंपळाला हात लावायची तुझी छाती आहे का?" हे म्हणताना त्यांना हसू आलं, मग डोळे भरले. "तुला वाचवायला जिना चढून आले रे ते. डॉक्टर नको म्हणत असताना. ते मी कसं मोडणार होते?"

मग त्यांनी वही मागवली. वहीतल्या पिंपळाच्या पानावर मी गेल्या ज्येष्ठातली नोंद लिहिली. तार काढल्याच्या रकान्यात काय लिहू विचारलं. "खरं ते," माई म्हणाल्या. मी लिहिलं, दोन तुकडे आत. माईंनी वाचलं, एक काना दुरुस्त केला. म्हणाल्या, "राहू देत. उंबराने दावं जिरवलं, हा तार जिरवील." काकांचं म्हणणं त्यांनी मान्य केलं ते असं, ऐकायला ते नसताना.

काकांच्या तारेचं भेंडोळं अजून गच्चीच्या दारामागे खिळ्याला आहे, माई हलवू देत नाहीत. रविवारी मी कुंड्या पाव फेरा फिरवतो. या पावसाळ्यात पिंपळाची एक फांदी कापून रुजवणार आहे. जगली की खडवलीला लावणार, माईंच्या माहेरच्या जागेत, नदीकाठी. तिला कुंडी नाही, तार नाही, आणि म्हैस बांधणाऱ्याला मी तिथे फिरकू देणार नाही. सावली पडायला दहा-बारा वर्षं लागतील. माई सत्तरीच्या पुढे आहेत, तेव्हा काळजी वाटतेच. पण तुम्ही माझ्यासाठी केलंत ते मी असं फेडणार आहे माई, त्या सावलीत खुर्ची टाकून तुम्हाला बसवणार आहे. या वेळी वहीत लिहून ठेवलंय, म्हणजे विसरणार नाही.